वाळवीची वाट

१. प्रस्तावना

पानिपत हे नाव उच्चारले की मराठी माणसाला १४ जानेवारी १७६१ चा दिवस आठवतो. आज हरियाणातील हे शहर चादरी, घोंगड्या, गालिचे आणि खेस यांच्या उत्पादनासाठी देशभर ओळखले जाते. परंतु त्या जुन्या लढाईविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते कशामुळे ठाऊक आहे? त्याचा मोठा भाग त्या काळच्या पत्रांमुळे ठाऊक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. जुन्या वाड्यांतील रुमालांत बांधलेली अशी दप्तरे मिळविण्यासाठी राजवाडे गावोगाव हिंडले. अशा कागदांचे दोन जुने शत्रू होते, ओल आणि वाळवी. ज्या पेटीपर्यंत संशोधक आधी पोहोचला, तिच्यातील पत्रे आपण वाचू शकतो. जिच्यापर्यंत वाळवी आधी पोहोचली, तिच्यात काय लिहिले होते ते आता कोणालाही कळणार नाही.

आपल्या घरातही अशी एखादी पेटी असते. तिच्यात शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, आईवडिलांची पत्रे असतात. ही पेटी, दारांच्या चौकटी आणि छताचे वासे वाळवीपासून कसे वाचवावेत, याची माहिती देणारा हा पाठ आहे.

२. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपण
• वाळवीचे जीवन व तिचे खाद्य यांविषयी सांगू शकाल;
• घरात वाळवी असल्याच्या खुणा ओळखू शकाल;
• प्रतिबंध आणि उपचार यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• माहितीपर लेखनातील भाषेची वैशिष्ट्ये सांगू शकाल.

३. मूळ पाठ

एक रेघ आणि एक पेटी

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणू या. प्रसंग कल्पित आहे, पण असे प्रसंग अनेक घरांत घडतात. पानिपतच्या एका जुन्या वस्तीत, तळमजल्यावरील भाड्याच्या घरात एक मराठी कुटुंब राहते. जुलै महिना आहे. घरातील सुनेला मुक्त विद्यालयात प्रवेश घ्यायचा आहे. अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडावयाचा म्हणून ती कोपऱ्यातील लाकडी पेटी उघडते. वरची लुगडी नीट आहेत. त्यांखालचे कागद उचलावयास जाताच हातात मातीचे ढेकूळ येते. दाखल्याचा अर्धा भाग उरला आहे. नाव आहे, परंतु जन्मतारीख नाही.

“आई, होळीच्या सुमारास याच भिंतीवर मातीची एक रेघ दिसली होती. मी ती झाडूने पुसून काढली,” सून म्हणते.

“मीही पाहिली होती गं,” सासूबाई उत्तरतात. “इतक्या उन्हाळ्यात ओल कुठली, एवढंच मनात आलं. पुढं काही केलं नाही.”

ती रेघ ओलीची नव्हती. ती वाळवीची वाट होती. वाट पुसली गेली, परंतु वाटसरू भिंतीच्या आत राहिले. चार महिने त्यांचे काम चालूच होते.

वाळवी म्हणजे काय?

वाळवीला विदर्भात ‘उधई’ म्हणतात आणि हिंदीत ‘दीमक’. इंग्रजीच्या प्रभावाने काही जण तिला ‘पांढरी मुंगी’ असेही म्हणतात, परंतु ती मुंगी नव्हे. कीटकशास्त्राच्या दृष्टीने तिचे नाते मुंगीपेक्षा झुरळाशी जवळचे आहे. जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती असून त्यांपैकी थोड्याच जाती घरांना उपद्रव देतात. बाकीच्या रानावनातील वाळलेली पाने व पडलेली लाकडे कुजवून त्यांची माती करतात आणि जमीन भुसभुशीत ठेवतात. नागपंचमीला आपण ज्या वारुळाची पूजा करतो, तेही बहुधा वाळवीनेच बांधलेले असते. साप तेथे नंतर येतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण यावरूनच चटकन समजते.

वाळवी समाज करून राहते. या समाजात राजा, राणी, कामकरी आणि सैनिक असे वर्ग असतात. राणी अनेक वर्षे जगते, आणि मोठ्या वारुळातील राणी दिवसाला हजारो अंडी घालू शकते. सैनिक मुंग्यांपासून वसाहतीचे रक्षण करतात. अन्न आणणे, पिलांना भरविणे, वाटा बांधणे ही सर्व कामे कामकरी करतात. आपल्या घराचे नुकसान होते ते या कामकऱ्यांमुळे.

त्यांचे अन्न म्हणजे सेल्युलोज. लाकूड, कागद, पुठ्ठा, गवत, ताग आणि सुती कापड या सर्वांत सेल्युलोज असते. ते पचविण्यासाठी काही जातींना पोटातील सूक्ष्मजीवांचे साहाय्य होते, तर काही जाती वारुळात बुरशीची जणू शेतीच करतात. पानिपतसारख्या कापडाच्या गावी हा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जमिनीवर रचलेले सुती खेस वा सुताचे गठ्ठे वाळवीचे अन्न ठरू शकतात. लोकरीच्या घोंगडीत मात्र सेल्युलोज नसते. तिला छिद्रे पडली असतील, तर ते बहुधा कसरीचे काम असते. शत्रू कोण हे आधी ओळखले, तरच उपाय योग्य ठरतो.

ती मातीची वाट का बांधते?

कामकरी वाळवीचे अंग मऊ व त्वचा पातळ असते. उघड्या, कोरड्या हवेत ती लवकर सुकून मरते. म्हणून जमिनीतील ओलाव्यापासून लाकडापर्यंतचा प्रवास ती झाकलेल्या वाटेनेच करते. माती, लाळ आणि विष्ठा यांच्या मिश्रणातून ती पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी बांधते. जोत्याच्या भेगेतून निघालेली ही नळी भिंतीवरून, चौकटीच्या मागून किंवा विजेच्या तारांच्या नळीतून वर चढते. सिमेंट आणि वीट हे तिचे अन्न नव्हे, परंतु त्यांतील बारीकशी फट तिला रस्ता म्हणून पुरेशी होते.

उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात घरांना लागते ती मुख्यतः ही जमिनीतील वाळवी. तिचे सामर्थ्य जमीन आणि लाकूड यांना जोडणाऱ्या वाटेत आहे. वाट शोधणे हा तिचा शोध आणि वाट तोडणे हा तिच्यावरील उपचार होय. एवढे एक सूत्र ध्यानी ठेवले, तर पुढील सर्व माहिती सहज लक्षात राहील.

घरातील खुणा

वाळवी दिसत नाही, तिच्या खुणा दिसतात. त्या पुढीलप्रमाणे आहेत.

(१) मातीच्या नळ्या : जोते, फरशी व भिंत यांचा सांधा, न्हाणीघरालगतची भिंत, चौकटींचे पाय आणि कपाटांच्या पाठी येथे बॅटरीच्या उजेडात पाहावे.

(२) पोकळ आवाज : चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जावे. भरीव लाकूड एक आवाज देते, पोखरलेले दुसरा. वाळवी लाकडाचा मऊ भाग आतून खाते आणि रंगाचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

(३) फुगलेला रंग : लाकडावरील रंग ओल नसतानाही फुगला असेल, तर तेथे टोकदार सळईने टोचून पाहावे.

(४) गळलेले पंख : पानिपतमध्ये साधारणतः जूनअखेर वा जुलैच्या आरंभी पाऊस येतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांचे कीटक जमतात. त्यांत नवी वसाहत वसविण्यास निघालेले वाळवीचे नर-मादीही असतात. थोड्या वेळाने ते पंख टाकून देतात. बाहेरून एखाददुसरा कीटक दिव्यावर येणे ही चिंतेची बाब नव्हे. घराच्या भिंतीतून वा फरशीच्या भेगेतून ते निघत असतील, तर मात्र वसाहत घराखाली आहे असे समजावे.

पंखांची वाळवी व पंखांची मुंगी यांत फरक कसा करावा? वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे व तिची कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक असते. वाळवीच्या मिशा सरळ असतात, तर मुंगीच्या कोपरासारख्या वाकलेल्या.

लाकडातून पिठासारखा बारीक भुसा पडत असेल, तर तो बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा असतो. खसखशीसारखे कोरडे दाणे पडत असतील, तर ती सुक्या लाकडात राहणारी निराळी वाळवी होय. ती प्रामुख्याने समुद्रकाठच्या दमट प्रदेशात आढळते आणि तिला जमिनीशी संबंध ठेवण्याची गरज नसते. म्हणून मुंबई-कोकणातील घरी उपयोगी पडलेला उपाय पानिपतच्या घरी तसाच लागू पडेल असे नाही.

नळी दिसताच ती संपूर्ण पुसून टाकू नये. दोन बोटे रुंदीचा तुकडा तोडावा, ती जागा खडूने खूण करून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहावे. तुकडा पुन्हा बांधला गेला असेल, तर वाळवी कार्यरत आहे. बांधला गेला नसेल, तरी निश्चिंत होऊ नये, कारण तिने दुसरी वाट धरलेली असू शकते. हिवाळ्यात ती जमिनीत खोल जाते. तेव्हाची शांतता म्हणजे तिचे निघून जाणे नव्हे.

प्रतिबंध : हाती असलेले उपाय

पुढील कामांना पैसा थोडा आणि नियमितपणा अधिक लागतो.

• गळके नळ व तुंबलेली मोरी दुरुस्त करावी. ओल हे वाळवीचे पहिले आमंत्रण होय.
• लाकडी सामान भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर वा लोखंडी घोडीवर ठेवावी.
• जळाऊ लाकूड, जुने पुठ्ठे व रद्दी घराच्या भिंतीला लागून रचू नये.
• बांधकामानंतर फळ्यांचे तुकडे जमिनीत पुरून टाकू नयेत.
• जोत्याच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात.
• नवी चौकट घेताना साग, साल वा देवदार यांच्या गाभ्याचे लाकूड निवडावे. त्याच झाडाच्या बाहेरच्या फिकट भागाला मात्र वाळवी लागते. आंबा, पॉप्लर यांसारखी मऊ लाकडे तिला विशेष सोपी जातात.
• महत्त्वाचे कागद घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावेत आणि वर्षातून दोनदा उघडून पाहावेत.

उपचार : तज्ज्ञाचे काम

वाळवी दिसली की अनेक जण नळीवर रॉकेल ओततात, मीठ वा चुना टाकतात. जे कीटक त्याच्या संपर्कात येतात ते मरतात, परंतु जमिनीतील राणी व वसाहत यांना धक्का लागत नाही. शिवाय रॉकेलामुळे आगीचा धोका संभवतो. हा तात्पुरता दिलासा आहे.

खरा उपचार म्हणजे जमीन आणि घर यांच्यामध्ये औषधाची अखंड भिंत उभी करणे. यासंबंधी भारतीय मानक ब्यूरोने ‘आयएस ६३१३’ हे मानक तीन भागांत दिले आहे. पहिल्या भागात बांधकामातील खबरदारी, दुसऱ्यात बांधकामपूर्व उपचार आणि तिसऱ्यात उभ्या इमारतींवरील उपचार सांगितला आहे. घर बांधतानाच पाया व जोते यांच्या मातीत औषध मुरविणे हे सर्वांत सोपे व परिणामकारक असते. उभ्या घरात बाहेरच्या बाजूने भिंतीलगतच्या मातीत औषध मुरवितात. आतून फरशी व भिंत यांच्या सांध्यात सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून, प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडतात आणि छिद्रे सिमेंटने बुजवितात. चौकटींत बारीक तिरकी छिद्रे पाडून निराळे औषध भरतात. या भिंतीत एक हात जागा सुटली, तरी वाळवी ती शोधून काढते. म्हणूनच ‘अर्ध्या घराचा’ उपचार बहुधा वाया जातो. जुन्या वस्तीत घराला घर लागून असते. तेथे शेजाऱ्यांनी मिळून एकाच वेळी उपचार करून घेणे शहाणपणाचे ठरते.

इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन ही या कामी वापरली जाणारी औषधे आहेत. दुसऱ्या एका पद्धतीत विषारी आमिष ठेवतात. कामकरी ते वसाहतीत नेऊन इतरांना भरवितात. कात टाकताना नवी त्वचा तयार न झाल्याने वसाहत हळूहळू क्षीण होते. या पद्धतीला वेळ लागतो, परंतु विषाचे प्रमाण फार कमी असते.

ही रसायने माणसालाही घातक आहेत, हे विसरून चालणार नाही. ऑल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही एके काळी वापरली जाणारी औषधे धोकादायक ठरल्याने भारतात बंद करण्यात आली. दीर्घकाळ वापरात असलेल्या क्लोरपायरिफॉसचा वापर, काही ठरावीक सवलती वगळता, थांबविण्याचा निर्णय २०२५ साली स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनी घेतला. म्हणून काम देण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये लागणारा परवाना आहे काय? औषध कोणते व किती प्रमाणात वापरणार? हमीपत्र लेखी देणार काय? औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी स्वतः वाचावी. वाचता येणे हेही येथे संरक्षणाचे साधन आहे.

फवारणीच्या वेळी मुले, गर्भवती व आजारी माणसे यांना घराबाहेर ठेवावे. अन्न व पाणी झाकावे. अंगणात विहीर वा हातपंप असल्यास ते आधी सांगावे. औषध पाण्याच्या बाटलीत कदापि काढून ठेवू नये, आणि रिकामा डबा पुन्हा वापरू नये. कोणाला बाधा झाल्यास औषधाचा डबा सोबत घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे.

पेटीतील कागद

आता पुन्हा त्या पेटीकडे वळू या. वाळवी लागलेले कागद झटकू नयेत, ते फाटतात. सावलीत, हवेशीर जागी पसरून मऊ कुंचल्याने माती काढावी. पेटी मात्र रिकामी करून कडक उन्हात ठेवावी. दाखल्याची दुसरी प्रत शाळेकडून लेखी अर्ज करून मागता येते. अनेक प्रमाणपत्रे आता ‘डिजिलॉकर’मध्येही ठेवता येतात. आपल्या प्रसंगातील सूनही दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करील. परंतु त्याच पेटीत तिच्या वडिलांच्या हातची पत्रे होती. त्यांची दुसरी प्रत कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. होळीच्या वेळी त्या रेघेजवळ थांबून कोणी दोन मिनिटे पाहिले असते, तर ती पत्रे कदाचित आजही वाचता आली असती.

४. पाठगत प्रश्न

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. वाळवीचे अन्न म्हणजे ______ होय.
२. वसाहतीत वाटा बांधण्याचे काम ______ करतात.

(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. वाळवी ही मुंगीचीच एक जात आहे.
२. लोकरीच्या घोंगडीत सेल्युलोज नसते.
३. मातीची नळी दिसताच ती संपूर्ण पुसून टाकावी.

५. भाषा-विचार

या पाठात दोन प्रकारची वाक्ये आली आहेत. ‘वाळवी समाज करून राहते’ हे माहिती देणारे वाक्य आहे. ‘भेगा सिमेंटने बुजवाव्यात’, ‘रिकामा डबा पुन्हा वापरू नये’ ही सूचना देणारी वाक्ये आहेत. सूचना देताना ‘-आवा, -आवी, -आवे’ व ‘-ऊ नये’ ही रूपे वापरली की विधानात आज्ञेचा कठोरपणा राहत नाही, परंतु निश्चितपणा राहतो.

‘वाळवी लागणे’ हा वाक्प्रचार लाक्षणिक अर्थानेही वापरतात. उदा., ‘लाचलुचपतीने त्या संस्थेला वाळवी लागली.’ बाहेरून भक्कम दिसणारी वस्तू आतून पोखरली जाणे, असा त्याचा भाव आहे. संस्कृतात वारुळाला ‘वल्मीक’ म्हणतात. आदिकवी वाल्मीकींचे नाव त्यावरूनच आले.

६. आपण काय शिकलात?

• जमिनीतील वाळवी ओलावा व अंधार सोडत नाही. म्हणून ती मातीची झाकलेली वाट बांधते.
• नळ्या, पोकळ आवाज, फुगलेला रंग व गळलेले पंख या तिच्या प्रमुख खुणा होत.
• ओल दूर करणे व लाकूड जमिनीपासून अलग ठेवणे हा प्रतिबंध, तर जमीन व घर यांमध्ये औषधाची अखंड भिंत उभारणे हा उपचार होय.
• रसायने परवानाधारक तज्ज्ञाकडून व योग्य काळजी घेऊनच वापरावीत.

७. पाठान्त प्रश्न

१. ‘वाट शोधणे हा शोध आणि वाट तोडणे हा उपचार’ हे विधान स्पष्ट करा.
२. पंखांची वाळवी व पंखांची मुंगी यांतील तीन फरक लिहा.
३. केवळ रॉकेल ओतल्याने वाळवीचा नाश का होत नाही?
४. ‘वाळवी लागणे’ हा वाक्प्रचार लाक्षणिक अर्थाने वापरून दोन वाक्ये लिहा.
५. उपक्रम : आपल्या घराची पाहणी करा. कोणत्या जागा पाहिल्या, काय आढळले आणि काय करावयाचे ठरविले, ते दहा ओळींत लिहा. घरातील महत्त्वाच्या कागदांची यादीही करा.

८. पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १. सेल्युलोज २. कामकरी
(आ) १. चूक २. बरोबर ३. चूक